नाक मुरडावं असं गवत

शहाद्याच्या बसस्थानकावर उतरलं की सुमेधाताई अहिरराव आधी नाकाला रुमाल लावत. पुढे कुठे उघडं गटार लागलं, की तो काढत आणि छाती भरून श्वास घेत. "या गावात खरं बोलणारी एवढी एकच जागा उरली आहे," असं त्या बरोबरच्या माणसाला सांगत. बरोबर कुणी नसलं तर गटारालाच सांगत.

बाकी सगळं गाव गुलाबासारखं दरवळत होतं. गुलाबाचं झाड मात्र औषधालाही सापडलं नसतं. तो वास होता रोशा गवताच्या तेलाचा. स्थानकाच्या खांबावर, शाळेच्या वर्गात, तहसील कचेरीत, केस कापायच्या दुकानात, जिथे बघावं तिथे अंड्याच्या आकाराचं एक पांढरं यंत्र टांगलेलं असे. त्याचं नाव 'मोतीश्वास'. ते हवा हुंगी आणि माणसांची गर्दी वाढली की फुस्स करून तेलाचं बारीक धुकं सोडी. 'जंतू जातील, सुगंध राहील' अशी त्याची जाहिरात होती. मग यंत्रावर भागेना, म्हणून साबणात तेल आलं, उशांच्या अभ्र्यांत आलं, शेवटी पापडात आलं. एका पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेत वैकुंठरथावरही मोतीश्वास बसवला होता. "आता यांना कुठला जंतू खाणार आहे?" असं सुमेधाताईंनी भर स्मशानात विचारलं. तेव्हापासून गावानं त्यांना लग्नाला बोलावणं सोडलं होतं. मयताला त्या न बोलावताच जात.

हे यंत्र भूषण अहिररावांच्या कारखान्यात तयार होई. भूषण म्हणजे सुमेधाताईंचा धाकटा भाऊ. आणि ज्या शोधाच्या जिवावर ते यंत्र विकलं जाई, तो शोध होता खुद्द सुमेधाताईंचा. रुमालामागचं खरं दुखणं ते होतं.

तो शोध समजून घ्यायला एक विहीर डोळ्यांपुढे आणावी लागेल. सुमेधाताईंनी तो सगळ्यात आधी समजावून सांगितला, तोही विहिरीच्याच काठावर, आपल्या आठ वर्षांच्या भाचीला. चार्वी ही भूषणची एकुलती एक मुलगी. सुट्टी लागली की ती आत्याच्या प्रयोगशाळेत नाहीतर आत्याच्या पाठीवर असे.

"आत्या, औषध घेतलं तरी जंतू मरत का नाहीत गं हल्ली?" तिनं मळ्यातल्या विहिरीत खडे टाकत विचारलं होतं.

"या विहिरीला एवढे झरे आहेत. मग ती भरून वाहत का नाही?"

"मोटर आहे ना! बाबा उपसतात की पाणी."

"झालं तर. जंतूच्या अंगातही तशीच मोटर असते. नखाच्या टोकावर लाखो जंतू मावतील, पण प्रत्येकाकडे स्वतःच्या मोटरी. आपण औषध आत सोडतो, तो ते उपसून बाहेर फेकतो. बुडतच नाही मेला."

चार्वीनं थोडा विचार केला. "मग मोटरच बंद पाडायची."

"कशी?"

"मागे मोटरीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये चिंधी अडकली होती. बाबा दिवसभर शिव्या देत होते, पण थेंब नाही आला वर."

सुमेधाताई हसत सुटल्या होत्या. कारण वर्षभर त्या हेच शोधत होत्या आणि ते सांगायला त्यांना एवढं सोपं वाक्य मिळालं नव्हतं. रोशा गवताच्या तेलात जिरॅनिऑल नावाचं एक द्रव्य असतं. गुलाबासारखा वास येतो तो त्याचाच. हे द्रव्य जंतूच्या मोटरीत चिंधीसारखं अडकतं. मोटर थांबली की बाद झालेली जुनी, स्वस्त औषधंही पुन्हा काम करू लागतात. सुमेधाताईंनी त्याची शुद्ध मात्रा ठरवली, ती शिरेतून द्यायची पद्धत बसवली, आणि चार-पाच वर्षं सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णालयांतून मरणाच्या दारातली माणसं उठून घरी गेली.

मग भूषणच्या डोक्यात आलं, की रुग्णालयातच का? घराघरांत का नको?

"अरे, चिंधी पूर्ण अडकली तर मोटर बंद पडते," सुमेधाताईंनी त्याला परोपरीनं सांगितलं. "तू रोज बोटभर चिंधी टाकायला निघालायस. त्यानं काय होईल? विहिरीचा मालक चिडेल आणि दुप्पट ताकदीची मोटर आणील. मग उद्या अख्खं धोतर टाकलंस तरी चिरडून फेकून देईल ती."

"ताई, लोकांना मोटर नको आहे, वास हवा आहे."

"मग अत्तर विक ना! औषध कशाला विकतोस?"

"अत्तराला बाराशे भाऊबंद आहेत. औषधाचा वास असलेलं अत्तर आपलं एकट्याचं आहे."

त्या दिवसानंतर सुमेधाताईंनी भावाच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. पुढे चार्वी इंजिनियर होऊन बापाच्याच कारखान्यात लागली. पेढे घेऊन आत्याकडे आली तेव्हा आत्यानं पेढा हुंगला आणि जसाच्या तसा परत ठेवला. "यातही घातलंय," एवढंच म्हणाली. चार्वी रडली नाही. तिनं तो पेढा स्वतः खाल्ला आणि दर रविवारी येत राहिली.

आता गवताविषयी थोडं. या भागात रोशा गवत दोन जातींचं उगवतं. एक मोतिया, एक सोफिया. उभं राहून बघितलं तर दोन्ही सख्ख्या जुळ्या बहिणी. पण मोतिया डोंगरउतारावर, निचऱ्याच्या जमिनीत वाढतं आणि त्याच्या तेलात बहुतेक सगळं जिरॅनिऑल असतं. सोफिया ओलसर, सखल जागी माजतं आणि त्याच्या तेलाला सुंठ टर्पेंटाइनमध्ये भिजवल्यासारखा उग्र वास मारतो. तेल काढायच्या भट्टीत सोफियाची एक पेंढी गेली तरी घाण्यातलं सगळं तेल नासतं, असं भट्टीवाले मानत. म्हणून भट्टी लावायच्या आधी निवड होई. बायका ओळीनं बसत, पेंढीतली काडी चुरगाळून हुंगत, आणि सोफिया निघालं की नाक मुरडून मोठ्यानं "शी!" म्हणत ते पाठीमागे भिरकावत. नुसतं भिरकावून चालत नसे, "शी" म्हणावंच लागे. न म्हटलं तर तेल चढत नाही, अशी समजूत. ज्याच्या शेतातून सोफिया आलं त्याला हंगामभर 'सोफियावाला' म्हणून चिडवत. शाळेतली भांडणंसुद्धा "तूच सोफिया!" म्हटल्याशिवाय मिटत नसत. लहानपणी चार्वी निवडीला बसायचा हट्ट धरी आणि नाकाचा असा काही शेंडा उडवून "शी" म्हणे, की बायका काम सोडून हसत.

गणपती उठले त्याच आठवड्यात कारखान्यात तेलाचं पोलादी पिंप घसरलं आणि चार्वीच्या पायावर आलं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर निघालं. डॉक्टरांनी हाड जुळवलं, सळई घातली, टाके घातले. चौथ्या दिवशी जखमेतून पू येऊ लागला आणि ताप चढला तो उतरेना.

डॉ. रोहिदास गावित शल्यचिकित्सक होते आणि एके काळी सुमेधाताईंचे विद्यार्थी. त्यांनी फोन केला. "मॅडम, तुमचंच औषध देतोय. जिरॅनिऑल आणि जुनं अँटिबायोटिक, पूर्ण मात्रेत. काही फरक नाही. तुम्ही या."

सुमेधाताई आल्या तेव्हा चार्वी डोळे मिटून पडली होती. ओठ सुकलेले, चेहरा तापानं लाल. खाटेच्या वर भिंतीवर मोतीश्वास होता. त्यानं सुमेधाताईंना हुंगलं आणि फुस्स केलं. त्यांनी हात वर करून ते खिळ्यासकट उपटलं, खिडकी उघडली आणि खाली बघून बाहेर सोडून दिलं.

"ताई!" कोपऱ्यात बसलेला भूषण उठला.

"खाली कुणी नव्हतं, बघितलं मी. तुझ्या घरात किती आहेत रे असली?"

"प्रत्येक खोलीत एक."

"आणि?"

"देवघरात दोन."

"देवांनाही टाके पडलेत का?"

भूषण परत कोपऱ्यात बसला. तीन दिवसांची दाढी वाढलेली होती त्याची. सुमेधाताईंना त्याची दया आली असती, पण त्याच्या सदऱ्यालासुद्धा तोच गुलाबी वास येत होता.

त्यांनी जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि तो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरला. ही परीक्षा अगदी साधी असते. बशीत जंतू पसरायचे, त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि बशी उबेला ठेवायची. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, चंद्राला खळं पडावं तसं स्वच्छ कडं दिसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशी बाहेर आली. पांढुरका गालिचा काठापासून काठापर्यंत पसरलेला. जिरॅनिऑलच्या चकतीला तर जंतू असे टेकून उगवले होते, जसे काही उन्हात भिंतीला पाठ लावून बसलेत.

"यांच्या मोटरी कसल्या दांडग्या असतील!" डॉ. गावित हळूच म्हणाले.

"असणारच. आठ वर्षं शिकवणी चालू आहे घरात." सुमेधाताईंनी बशी उजेडात फिरवली. "लवंग, ओवा, गवती चहा, निलगिरी यांच्या चकत्या कुठायत?"

"या बघा. तीच गत. मधे लवंगेच्या साबणाची लाट होती, त्याआधी गवती चहाची. लोकांनी सगळं थोडं थोडं वापरून ठेवलंय."

"थोडं थोडं. या देशाला कुठलीच गोष्ट पुरती करता येत नाही, विष देणंसुद्धा."

डॉ. गावितांनी घसा साफ केला. "मॅडम, आज गुरुवार. मी सोमवार सकाळपर्यंत थांबू शकतो. ताप असाच राहिला तर पाय गुडघ्याच्या वर काढावा लागेल. त्याहून उशीर केला तर पायावर भागणार नाही."

हे त्यांनी भूषणसमोरच सांगितलं. भूषण खुर्चीवर बसला तो एकदम म्हातारा होऊन बसला. मग त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडून रागच बाहेर पडला.

"मग कर ना काहीतरी! एवढी विदुषी आहेस ना? की माझी फजिती बघायला आली आहेस?"

"तुझी फजिती बघायला इथवर कशाला येऊ? गावात प्रत्येक खांबावर टांगलेली आहे."

"टोमणे नंतर मार. लवंग लावून झाली, ओवा लावून झाला, गवती चहा लावून झाला. आता काय सोफिया थापणार आहेस माझ्या लेकीच्या पायाला?"

सुमेधाताईंनी उलट उत्तरासाठी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

"काय झालं?" भूषणनं विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा तू कामाचं काहीतरी..." आणि वाक्य गिळून त्या बाहेर पडल्या.

विचार अगदी उघडा होता, म्हणूनच तो इतके दिवस कुणाला दिसला नव्हता. जंतू शिकतात ते ज्याच्याशी रोजची ओळख असते त्याच्याकडून. मग या मुलखात असं कोणतं द्रव्य आहे, की ज्याला कुणी घरात घेतलं नाही, अंगाला लावलं नाही, श्वासात जाऊ दिलं नाही? ज्याला पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी "शी" म्हणून पाठीमागे फेकलं? सुमेधाताईंनीही फेकलंच होतं की. तीस वर्षं त्यांनी रोशा गवताचा अभ्यास केला, पण सोफियाचं तेल कधी जंतूंच्या बशीवर ठेवलं नाही. ठेवावंसं वाटलंच नाही. भट्टीवरच्या बायकांचं नाक आणि विदुषीचं नाक, दोन्ही एकाच गावात वाढलेली.

भूषणच्या कारखान्यामागून एक नाला जातो. निवडीतलं टाकाऊ सोफिया वर्षानुवर्षं त्याच्या काठावर फेकलं जाई. फेकलेल्या पेंढ्यांतलं बी रुजून तिथे आता पुरुषभर उंच गवत माजलं होतं, नुकते तुरे धरू लागलेलं. सुमेधाताई विळा घेऊन चिखलात उतरल्या. साठीच्या बाईनं भर दुपारी नाल्यात गवत कापायला लागावं, हे कारखान्याच्या गच्चीवरून दोन-तीन कामगारांनी पाहिलं. पण अहिररावांच्या ताईचं डोकं फिरलेलं आहे हे गावाला आधीच ठाऊक होतं, त्यामुळे कुणी खाली आलं नाही.

प्रयोगशाळेत काचेच्या छोट्या भट्टीत गवत उकळलं, वाफेबरोबर तेल वर आलं, थंड होऊन पाण्यावर तरंगलं. त्या वासानं शेजारच्या खोलीतला कारकून रजा टाकून घरी गेला.

तेल म्हणजे एकच पदार्थ नसतो. त्यात पन्नास-साठ द्रव्यांची खिचडी असते. ती निवडायला एक यंत्र असतं. लांबच लांब, केसासारख्या बारीक नळीतून तेलाची वाफ सोडतात. शाळेतल्या शर्यतीत सगळी मुलं एका रेषेवरून निघतात, पण जो तो आपल्या वेगानं दोरीला पोचतो. तशीच ही द्रव्यं नळीच्या टोकाला एकेक करून येतात आणि आपापलं नाव सांगतात. मोतियाच्या शर्यतीत जिरॅनिऑल नावाचा एकच दांडगा गडी बाकीच्यांना झाकून टाकतो. सोफियाच्या शर्यतीत तो मागे पडला होता आणि भलतेच गडी पुढे होते. त्यातला एक पेरिलिल अल्कोहोल नावाचा. सुमेधाताईंनी तो वेगळा काढला, चकतीवर घेतला, चार्वीच्या जंतूंच्या बशीत ठेवला. शेजारी जुन्या अँटिबायोटिकची चकती ठेवली.

शनिवारी सकाळी दोन्ही चकत्यांच्या मधोमध, जिथे दोन्ही द्रव्यं एकमेकांना भेटत होती, तिथे काच दिसत होती. स्वच्छ, करंगळीच्या नखाएवढी काच.

"मोटर तर दांडगी आहे," डॉ. गावित वाकून बघत म्हणाले, "मग बंद कशी पडली?"

"चिंधी चिरडायला शिकली होती ती. यानं चिंधी टाकलीच नाही, तारच तोडली. आणि मालकानं सगळी पुंजी त्या दांडग्या मोटरीत घातलेली! एकदा थांबली, की मालकाचंही दिवाळं निघतं."

"मॅडम, हे माणसाला अजून कुणी दिलेलं नाही."

"माहीत आहे. आधी माणसाच्या त्वचेच्या पेशींवर लावून बघू. रुग्णालयाच्या नीती समितीला फोन लावा. आणि सही तिच्या बापाची नको, तिची घ्या. ती सज्ञान आहे. बाप अजून व्हायचा आहे."

पेशी तगल्या. समितीनं कुरकुरत होकार दिला. रविवारी सकाळी सुमेधाताईंनी भूषणला घरी पाठवलं, दार लावलं आणि जखमेवरची पट्टी स्वतःच्या हातानं बदलली. शिरेतून जुनं अँटिबायोटिक, पट्टीत नवं द्रव्य. खोलीभर सुंठ आणि टर्पेंटाइन. चार्वीनं तापातच नाक हलवलं. डोळे न उघडताच ती पुटपुटली, "आत्या... हे सोफिया ना?"

"गप्प पडून राहा."

"शी," असं म्हणून चार्वी झोपली.

सोमवारी सकाळी डॉ. गावित आले ते शस्त्रक्रियेच्या तयारीनंच आले होते. तापाचा आकडा त्यांनी दोनदा बघितला. जखमेची कड बघितली. मग त्यांनी परिचारिकेला खूण केली, आणि करवतीचा ट्रे झाकलेला होता तसाच परत गेला. पट्टीची वेळ झाली की भूषणला बाहेर काढत आणि नंतर खिडक्या उघडत. पुढच्या आठवड्यात पू थांबला. महिन्यानं चार्वी कुबड्यांवर उभी राहिली.

खरी अडचण तिथून सुरू झाली.

"आत्या, हे लोकांना सांगायला हवं," रुग्णालयाच्या गॅलरीत बसून चार्वी म्हणाली. "किती जणांचे पाय जातायत."

"डॉक्टरांना सांगितलंय. औषधांच्या राखीव साठ्याची एक सरकारी समिती आहे, तिच्याकडे मी आणि गावितांनी सगळं पाठवलंय. आता रीतसर चाचण्या होतील. पार पडल्या तर औषधाला गवताचं नाव नाही, नुसता क्रमांक. मिळेल ते रुग्णालयात, डॉक्टरांच्याच हातून, दुसरं काही चालेनासं झालं तरच. ज्याचा पाय जाणार आहे त्याला मिळेल. लोकांना काय सांगायचं त्यात?"

"म्हणजे लपवायचं."

"मला सांग, उद्या गावाला कळलं, की सोफियानं पाय वाचला. परवा काय होईल?"

चार्वीनं खाली रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे शाळा होती आणि शाळेच्या फाटकावर मोतीश्वास लुकलुकत होता.

"परवा बाबा 'सोफीश्वास' काढतील," ती म्हणाली. "वास जरा गोड करून. मग साबण. मग पापड."

"आणि मग?"

"मग मालक नवी मोटर आणील." तिनं कुबडीचं टोक फरशीवर टेकवलं. "पण मी बाबांशी खोटं बोलू? ते विचारणार, आत्या. त्यांना संशय आहे. आणि वाईट हेतूनं नाही विचारणार ते. त्यांना खरंच वाटतं, की आपण लोकांचं भलं करतोय."

"तीच तर त्याची सगळ्यात मोठी खोड आहे," सुमेधाताई म्हणाल्या. "लबाड असता तर कधीच आवरला असता." त्यांनी हातातल्या रुमालाची घडी घातली. "मी तुला खोटं बोल असं सांगणार नाही. माझं तुझ्या बापाशी भांडण आहे, तुझं नाही. पाय तुझा आहे. तू ठरव."

आयुष्यभर सगळ्यांना काय करायचं ते सांगणाऱ्या बाईला एवढं वाक्य बोलायला फार जड गेलं.

दिवाळी झाली, गवत पिकलं, आणि हंगामाची पहिली भट्टी लागायचा दिवस आला. भूषणचा कारखाना कितीही मोठा झाला तरी पहिली भट्टी तो जुन्या पद्धतीनंच लावी. तांब्याचा हंडा, खाली लाकडं, समोर निवडीला बायकांची ओळ. नारळ फुटला. बातमीवाले आले होते. चार्वी कुबडी टेकत आली तशा बायकांनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आणि कित्येक वर्षांत प्रथमच सुमेधाताई त्या आवारात उभ्या होत्या, अर्थात नाकाला रुमाल लावून.

"ताई, या जमिनीला पाय लागले तुझे!" भूषण हात जोडत पुढे आला. पोरगी वाचल्यापासून तो बहिणीशी फार नरमाईनं वागत होता, आणि ते तिला अधिकच असह्य होत होतं.

"चिखल कमी आहे म्हणून आले."

"चिखलावरून आठवलं." त्यानं आवाज खाली आणला, पण बायकांच्या ओळीला ऐकू जाईल इतकाच. "त्या आठवड्यात तू मागच्या नाल्यात गवत कापत होतीस म्हणे. आमचे लोक सांगतात."

"तुझे लोक गच्चीवर काय करत होते कामाच्या वेळी?"

"उडवून लावू नकोस. सोफियाच आहे तिथे, दुसरं काही उगवत नाही. आणि गावितांना विचारलं की ते नुसते हसतात." त्यानं बायकांपाठीमागे पडलेली एक टाकाऊ पेंढी उचलली. डोळे चमकत होते त्याचे. धंद्याचीच चमक होती असं म्हणता आलं नसतं. कृतज्ञताही होती त्यात, आणि सुमेधाताईंना त्या कृतज्ञतेचीच जास्त भीती वाटली. "ताई, माझ्या लेकीचा पाय ज्यानं वाचवला ते घराघरात पोचवीन मी. फुकट वाटीन पहिलं वर्ष. तुझं नाव देईन त्याला."

"सोफियाला 'सुमेधा' म्हणणार? त्याची काय चूक?" त्या म्हणाल्या.

"तू नाहीच सांगणार." भूषण वळला आणि त्यानं पेंढी चार्वीपुढे धरली. "तू सांग, बेटा. पट्टी तुझ्या पायाला होती. तुझ्याएवढं नाक या भट्टीवर कुणाचं नव्हतं. हाच वास होता का?"

निवडीचे हात थांबले. बातमीवाल्यानं कॅमेरा वर केला. भट्टीखालची लाकडं तेवढी तडतडत होती.

चार्वीनं कुबडी काखेत घट्ट धरली आणि मोकळ्या हातानं एक काडी घेतली. चुरगाळली. नाकाशी नेली. सुमेधाताईंनी पाहिलं, की तिनं श्वास आत घेतला तो घेतच राहिली, डोळे मिटून, लांबवर, देवाच्या फुलाचा घ्यावा तसा. त्या वासात तिचा ताप होता, खाट होती, सोमवारची सकाळ होती, दोन्ही पाय होते.

मग तिनं डोळे उघडले. बापाकडे पाहिलं. आणि नाकाचा शेंडा थेट आभाळाकडे उडवून, आठ वर्षांची असताना म्हणायची तस्संच, आवारभर घुमेल अशा आवाजात म्हणाली,

"शी!"

पेंढी बापाच्या हातातून ओढून तिनं ती खांद्यावरून मागे भिरकावली. "बाबा, हे माझ्या पायाला लावलं असतं ना, तर मी पाय आपणहून कापून दिला असता."

बायका खो खो हसत सुटल्या. त्यांतली एक म्हणाली, "साहेब, सोफियावाले झाले हो या साली!" आणि ओळभर तेच सुरू झालं. भूषणही हसला, जरा ओशाळून. मग त्यानं हात हुंगले, तोंड वाकडं केलं आणि साबण मागवला.

चार्वी कुबडी टेकत आत्याजवळ येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. "खूप झोंबतं ना," ती हळूच म्हणाली.

"फार घाणेरडं गवत," सुमेधाताई म्हणाल्या. नाकावरचा रुमाल त्यांनी जरा वर ओढला, डोळे झाकले जातील इतका.